रोजगार हमी 2005 साली दिल्लीतून आली? नाही हो!

परवा चर्चगेट लोकलमध्ये पुन्हा ऐकलं: "रोजगार हमी म्हणजे 2005 ची दिल्लीची योजना, आपल्या मुंबईकरांचा काय संबंध?" दोन्ही विधानं चूक.

केंद्राचा कायदा 2005 चा, हे खरं. पण त्याच्या कितीतरी आधी, 1972 च्या दुष्काळात, महाराष्ट्रात हजारो माणसं खडी फोडत आणि पाझर तलावांची माती उपसत होती. मागेल त्याला काम ही कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. 1977 साली विधिमंडळाने कायदा केला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. दिल्लीने पुढे हाच धडा गिरवला.

आता मुंबईचा संबंध. पगाराची स्लिप काढा. कपातीच्या रकान्यात 'पीटी 200' दिसेल, फेब्रुवारीत 300. वर्षाचे 2500. हा व्यवसाय कर. अनेकांना तो महापालिकेचा वाटतो (मलाही नोकरीची पहिली काही वर्षं तसंच वाटायचं). तो जातो राज्य सरकारकडे, आणि 1975 साली तो बसवला गेला तोच रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी. या करातून जेवढं जमेल तेवढीच भर सरकारनेही घालायची, अशी मूळ रचना होती.

आणि "बसून पैसे मिळतात" म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: मातीकामाचं माप घेतात, मजुरी त्यावर ठरते. भर उन्हात.