‘वेस्ट एंड गर्ल्स’: गाणं एक, रेकॉर्डिंग दोन

कुणी ‘वेस्ट एंड गर्ल्स’ लाव म्हणालं, की मी आधी विचारते: चौऱ्याऐंशीचं की पंच्याऐंशीचं? पेट शॉप बॉइज या इंग्लिश जोडीचं हे गाणं दोनदा रेकॉर्ड झालं. दोन्ही रेकॉर्डिंग्ज आज सहज सापडतात. गंमत अशी, की जुनं रेकॉर्डिंग पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते नंतर कुणीतरी केलेलं डान्स रीमिक्स वाटतं. खरं तर तेच मूळ आहे. आपल्या कानात बसलेलं, संथ आणि गूढ ‘वेस्ट एंड गर्ल्स’ हे त्याच्यानंतरचं.

ओळखायची खूण सुरुवातीलाच आहे. हेडफोन लावून १९८५ चं रेकॉर्डिंग ऐका. आधी रस्ता ऐकू येतो: पावलं, रहदारी, माणसांची कुजबुज. ठेका अजून आलेलाच नसतो. मग सिंथेसायझरचे सूर खालून धुक्यासारखे वर येतात आणि त्यांच्या मागून बास चालू लागतो. १९८४ च्या रेकॉर्डिंगमध्ये यातलं काही नाही. ते थेट ठेक्यावरच सुरू होतं, जणू आपण दार उघडून सरळ क्लबमध्येच शिरलो.

हा फरक कसा पडला हे कळायला थोडं मागे जावं लागतं. या जोडीतला गायक नील टेनंट आणि त्याचा साथीदार ख्रिस लो यांची भेट झाली ती ऑगस्ट १९८१ मध्ये, लंडनच्या किंग्ज रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या एका दुकानात. लो आर्किटेक्चरचा विद्यार्थी होता, टेनंट संपादनाचं काम करायचा. पुढे टेनंट ‘स्मॅश हिट्स’ या पॉप मासिकात लागला. १९८३ मध्ये ‘द पोलीस’ या बँडवर लिहिण्यासाठी मासिकाने त्याला न्यूयॉर्कला पाठवलं. तिथे त्याने बॉबी ऑर्लँडो या निर्मात्याला गाठलं. ऑर्लँडोच्या वेगवान डिस्को रेकॉर्ड्सवर या दोघांचा भारी जीव होता. जेवता जेवता बोलणं झालं आणि ऑर्लँडो म्हणाला, चला, रेकॉर्ड करू.

त्यातून आलं एप्रिल १९८४ चं रेकॉर्डिंग. जवळजवळ सगळे आवाज इम्युलेटर या सॅम्पलरमधून, म्हणजे टिपलेले आवाज कीबोर्डवर वाजवणाऱ्या यंत्रातून, वाजवलेले, ढोलाचा आवाजसुद्धा डेव्हिड बोवीच्या ‘लेट्स डान्स’ या गाण्यातून उचललेला, असं टेनंटने सांगितलंय. लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लबांत ते वाजलं, बेल्जियममध्येही थोडंफार चाललं. ब्रिटनच्या सिंगल्सच्या यादीत मात्र १२१ व्या क्रमांकावर अडकलं.

त्यानंतर ऑर्लँडोशी असलेल्या करारातून सुटायला जोडीला भावी कमाईतला मोठा वाटा सोडावा लागला. १९८५ मध्ये पार्लोफोन या मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला. इथे बरेच जण म्हणतात, मोठी कंपनी मिळाली, पैसा लागला, मग गाणं वर जाणारच. मला हे अजिबात पटत नाही. पार्लोफोनने जुलै १९८५ मध्ये या जोडीचं ‘ऑपॉर्च्युनिटीज’ हे दुसरं गाणं काढलं, तेव्हा ते ११६ वर थांबलं. कंपनी तीच, माणसं तीच. नुसत्या पैशाने गाणं वर जात असतं, तर तेव्हाच गेलं असतं.

बदलली ती लय. नवा निर्माता स्टीफन हेग याने गाणं ठाय लयीत आणलं. चौऱ्याऐंशीत टेनंटचे शब्द ठेक्यामागे धावताना ऐकू येतात. पंच्याऐंशीत तेच शब्द तो जवळजवळ कानाशी बोलतो. ग्रँडमास्टर फ्लॅशच्या ‘द मेसेज’ या अमेरिकन रॅप गाण्याने त्याला रॅपकडे ओढलं होतं, पण त्याने अमेरिकन उच्चार उसने घेतले नाहीत, आपल्या इंग्लिश ढंगातच बोलला. लय उतरल्यावर या बोलण्याला जागा मिळाली. दोन ओळींमध्ये श्वास आला, आणि शहरातली भीती, ओढ, एकटेपण त्या मोकळ्या जागेत उतरलं. हेग रेकॉर्डर घेऊन स्टुडिओबाहेरच्या रस्त्यावर गेला आणि तिथले आवाज घेऊन आला. आपण ऐकतो ती सुरुवात म्हणजे खरोखरचा लंडनचा रस्ता आहे. हेलेना स्प्रिंग्जचा मागचा गळा आणि मधला ट्रम्पेटचा तुकडाही याच रेकॉर्डिंगमधला. तो ट्रम्पेट सॅम्पलरवर वाजवलेला आहे, तरी मला दर वेळी तो रात्री उशिरा कुणीतरी खिडकीशी उभं राहून वाजवतंय असाच ऐकू येतो.

हे सिंगल ऑक्टोबर १९८५ च्या अखेरीस आलं. एका उडीत नाही, आठवड्यामागून आठवडे चढत जानेवारी १९८६ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिलं आलं आणि दोन आठवडे तिथे राहिलं. मे महिन्यात अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीतही पहिलं. टेनंट तेव्हा एकतीस वर्षांचा होता. पॉपच्या हिशेबात हे वय उशिराचं, आणि ते या गाण्यातल्या आवाजात ऐकू येतं. तो आवाज पोरगेला नाही. शहर पाहिलेल्या माणसाचा आहे. पुढे ‘ऑपॉर्च्युनिटीज’ पुन्हा काढलं, तेही ब्रिटनमध्ये ११ व्या क्रमांकापर्यंत गेलं.

म्हणून मूळ रेकॉर्डिंग टाकाऊ होतं असं कुणी समजू नये. चाल, शब्द, कामगार वस्तीच्या पूर्व लंडनची मुलं आणि झगमगाटी वेस्ट एंडच्या मुली हा वर्गभेदाचा धागा, सगळं १९८४ मध्येच होतं. नाचायचं असेल तर मी आजही तेच लावते. एकट्याने रात्री ऐकायचं असेल तर हेगचं.

सुरुवात हुकली आणि कुठलं चालू आहे ते कळेना, तर शब्दांवर लक्ष ठेवा. १९१७ मध्ये लेनिन स्वित्झर्लंडहून पेट्रोग्राडच्या फिनलंड स्टेशनवर पोहोचला, त्या प्रवासाचा उल्लेख दोन्हींत आहे. स्टालिनच्या नावाचं यमक मात्र फक्त जुन्यात. स्टालिन ऐकू आला, की समजा चौऱ्याऐंशीचं लागलंय.