कणाविकार, कुत्र्यांमधील : कोकण किनाऱ्यावरील शुश्रूषा

पाठीच्या कण्याला वा त्यातील मेरुरज्जूला इजा होऊन चालणे बिघडलेल्या कुत्र्याची, शस्त्रक्रियेनंतर किंवा तिच्याविना, घरी घेतली जाणारी दीर्घ काळजी. कोकणात गावठी कुत्र्यांमध्ये ही इजा बहुधा वाहनाची धडक, विहिरीत किंवा गडग्यावरून पडणे, क्वचित बिबट्याचा हल्ला यांमुळे होते. डॅशहुंड, बीगल, फ्रेंच बुलडॉग अशा पाळीव जातींत मात्र दोन मणक्यांमधील गादी (आंतरकशेरुक चकती) सरकणे हेच मुख्य कारण असते.

चकतीविकाराचे स्वरूप दीर्घकाळ वादग्रस्त होते. डॅशहुंडाला अचानक आलेल्या पक्षाघाताची नोंद १८८१ मध्ये झाली. १८९६ मध्ये डेक्सलर या संशोधकांनी मेरुरज्जूवर दाब देणारा पदार्थ पाहिला, पण तो कूर्चेची वाढ असल्याचे मानले. तो चकतीचाच निसटलेला गाभा होय, हे मत पुढे हळूहळू रुजले. स्वीडिश पशुवैद्यक हान्स-यॉर्गेन हान्सेन यांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी विकाराचे दोन प्रकार पाडले. पहिल्यात गाभा लहान वयातच कडक व चुनखडीसारखा होऊन एकाएकी बाहेर फुटतो. दुसऱ्यात चकतीचे बाह्य कडे वयोमानाने हळूहळू फुगते. पहिला आखूड पायांच्या जातींचा, दुसरा मोठ्या जातींचा, ही त्यांची वाटणी आता तितकीशी काटेकोर मानली जात नाही. शुश्रूषेच्या दृष्टीने मात्र ती आजही सोयीची आहे. आनुवंशिक कारणांविषयीही मतांतरे झाली. २००९ मध्ये आखूड पायांचा संबंध अठराव्या गुणसूत्रावरील एफजीएफ४ जनुकाच्या जादा प्रतीशी जोडला गेला, तर २०१७ मध्ये बाराव्या गुणसूत्रावर तशीच दुसरी प्रत सापडली. चकतीच्या ऱ्हासाशी या दुसऱ्या प्रतीचे नाते अधिक बळकट दिसते.

कुत्र्याच्या कण्यात मानेच्या ७, छातीच्या १३, कमरेच्या ७ व त्रिकाच्या (कमरेखालील, ओटीपोटाच्या हाडांना जोडलेल्या भागाच्या) ३ कशेरुका (मणके) असतात. छातीच्या बहुतेक भागात समोरासमोरच्या बरगड्यांची डोकी जोडणारा आडवा बंध चकतीला वरून आवर घालतो. अकराव्या बरगडीनंतर तो नसल्याने छाती व कंबर यांच्या सांध्यावर विकार सर्वाधिक आढळतो, आणि म्हणून मागचे पाय जातात, पुढचे शाबूत राहतात.

पुढे काय होईल हे मुख्यतः खोल वेदनेच्या जाणिवेवरून ठरवतात. मागच्या पायाचे बोट हाडापर्यंत चिमट्यात दाबल्यावर कुत्र्याने वळून पाहिले किंवा कण्हले, तर जाणीव आहे. नुसता पाय आखडून घेणे ही प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते, आणि घरच्यांची फसगत नेमकी इथेच होते. जाणीव असेल तर शस्त्रक्रियेनंतर १० पैकी ९ किंवा अधिक कुत्री पुन्हा चालतात. ती गेली असेल तर साधारण निम्मी ते ६० टक्के. सारखीच लक्षणे इतर विकारांतही दिसतात. धावताना एकदम एक बाजू लुळी पडली आणि दुसऱ्या दिवशी वेदना उरली नाही, तर मेरुरज्जूच्या रक्तवाहिनीतील अडथळ्याचा संशय घेतात. त्याला शस्त्रक्रिया लागत नाही. लस न टोचलेल्या, विशेषतः भटक्या, कुत्र्याचे पाय लुळे पडले असतील, जबडा लोंबत असेल व लाळ गळत असेल, तर प्रथम मुक्या (चवताळण्याऐवजी लुळे पाडणाऱ्या) रेबीजचा विचार करावा व उघड्या हाताने तोंडाला स्पर्श करू नये.

विश्रांती किती, याबद्दल एकवाक्यता नाही. जुने ग्रंथ ४ ते ६ आठवडे पिंजऱ्यात ठेवण्यास सांगतात. अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटरिनरी इंटर्नल मेडिसिनच्या २०२२ च्या सहमतिपत्रात शस्त्रक्रिया न केलेल्या कुत्र्यासाठी किमान ४ आठवडे हालचालीवर निर्बंध सुचवले आहेत. तीव्र अवस्थेत स्टेरॉइड सरसकट देण्याला त्यात पाठिंबा नाही. तरीही ते इंजेक्शन अनेक ठिकाणी अजून पहिल्याच दिवशी टोचले जाते. नंतर वेदनाशामक गोळी दिल्यास दोन्ही मिळून जठरात व आतड्यात रक्तस्राव होण्याची भीती असते. माणसांच्या आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक गोळ्या तर कुत्र्याला देऊच नयेत.

कोकणी घराची रचना या विश्रांतीला अनुकूल नाही. कुत्रा ओटी, पडवी आणि खळे (घरापुढचे अंगण) यांत मोकळा वावरतो, जोते उंच असते आणि अनोळखी चाहूल लागली की तो ओटीवरून थेट खळ्यात उडी मारतो. ज्या दिवशी त्याला बरे वाटू लागते, तोच दिवस जोखमीचा. पडवीच्या कोपऱ्यात बांबूच्या कामट्यांचा किंवा लोखंडी जाळीचा आडोसा करून, त्यात कुत्र्याला वळता व पडता येईल एवढीच जागा ठेवतात. फाटक दिसणार नाही अशी बाजू निवडलेली बरी. गुळगुळीत टाइल वा घोटलेल्या कोब्यावर मागचे पाय फाकतात, म्हणून खाली काथ्याची चटई घालावी. गोणपाट ओल धरते. भाताचा पेंढा उन्हाळ्यात चालतो, पण पावसाळ्यात त्याला बुरशी येते.

मूत्राशयाची निगा हा शुश्रूषेचा सर्वांत दुर्लक्षित भाग होय. मागचा भाग लुळा पडलेल्या कुत्र्याची लघवी थेंबथेंब गळते, तेव्हा ‘होते आहे’ असा समज होतो; प्रत्यक्षात मूत्राशय तुडुंब भरून ओसंडत असते. कुत्र्याला कुशीवर निजवून किंवा उभे धरून दोन्ही तळवे शेवटच्या बरगडीमागे पोटाच्या दोन्ही अंगांना सपाट ठेवावेत व मागे सरकवत न्यावेत. पाणी भरलेल्या फुग्यासारखा गोळा हाताला लागला की बोटे न रुतवता, शेपटीच्या दिशेने, संथ व अखंड दाब द्यावा. धार थांबली तरी क्षणभर थांबून पुन्हा दाबावे. हे ६ ते ८ तासांनी करावे लागते आणि पहिल्यांदा पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच शिकावे. लघवीला उग्र वास आला किंवा ती गढूळ झाली, तर संसर्ग समजावा.

पावसाळ्यात कातडीची काळजी दुप्पट होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी ३,००० मिमी.च्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. बिछाना वाळत नाही. खुब्याच्या हाडावर व बैठकीवर दाबाचे व्रण पडतात, म्हणून दर ४ ते ६ तासांनी कूस बदलावी. जांभ्याच्या चिऱ्यांवरून पाय ओढल्यास बोटांवरची कातडी सोलली जाते. लघवीने ओलसर राहिलेल्या केसांत माश्या अंडी घालतात व दिवसभरात अळ्या होतात; बधिर भागात त्या शिरल्याचे कुत्र्याला कळतही नाही. शेपटीखालचे केस कापून रोज सकाळ-संध्याकाळ उजेडात पाहणे हाच उपाय. अळ्या मारण्यासाठी जखमेत टर्पेंटाइन ओतल्याने कातडी आणखी भाजते. बधिर पायांना शेक देतानाही हीच सावधगिरी हवी.

आहाराबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. बसून राहिलेल्या कुत्र्याचा भात कमी करावा; वाढलेले वजन मणक्यांवर येते.

व्यायामाची सुरुवात पाय हलक्या हाताने वाकवण्या-सरळ करण्यापासून होते. पुढे पोटाखालून पंचा घालून मागचा भाग उचलून धरतात व कुत्र्याला चार पावले चालवतात. पाण्यातील व्यायामासाठी पाण्याखालचा ट्रेडमिल वापरतात. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना समुद्र हाताशी असल्याचा मोह होतो, पण लाटेचा धक्का व वाळूतील रुतते पाऊल कण्याला पिळा देतात. टाके भरेपर्यंत तर पाणी टाळावेच.

तालुक्यांतून शासकीय पशुवैद्यकीय दवाखाने असले, तरी त्यांचे काम मुख्यतः गाई-म्हशींचे. एमआरआय व कण्याच्या शस्त्रक्रियेसाठी बहुधा मुंबई किंवा पुणे गाठावे लागते. परळ येथील पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासूनचे आहे. नेताना कुत्र्याला रुंद फळीवर निजवून पट्ट्यांनी बांधावे, मांडीवर घेऊ नये. खोल जाणीव गेलेल्यांसाठी वेळ महत्त्वाचा असला, तरी नेमक्या किती तासांत शस्त्रक्रिया व्हावी याबाबत पुरावे परस्परविरोधी आहेत.

जे कुत्रे चालू शकत नाही, त्याला चाकांची गाडी बांधता येते. पीव्हीसी नळ्यांची गाडी स्थानिक कारागीरही बनवून देतात. खळ्यातील सारवलेल्या जमिनीवर लहान चाके चालतात. पुळणीत (किनाऱ्यावरच्या वाळूत) मात्र ती रुततात, तेथे रुंद चाके लागतात.