बदली व्हॉल्व्ह, गिटार ॲम्प्लिफायरचे

गिटारच्या ॲम्प्लिफायरमधील जीर्ण किंवा निकामी झालेल्या निर्वात नलिकेच्या जागी, मूळ मंडलाच्या (सर्किटच्या) गरजा पाहून दुसरी नलिका निवडणे व ती योग्य प्रवाहावर लावून घेणे, असा या क्रियेचा अर्थ आहे. निर्वात नलिकेला इंग्लंडात व्हॉल्व्ह व अमेरिकेत ट्यूब म्हणतात. रेडिओच्या काळापासून मराठीत व्हॉल्व्ह हाच शब्द रुळला, आणि इंदूरच्या दुरुस्ती करणाऱ्यांच्या तोंडीही तोच असल्याने या नोंदीत तोच वापरला आहे. निवड करताना काचेवरील छापापेक्षा व्हॉल्व्ह ज्या सॉकेटमध्ये बसणार आहे तेथील काम, विजेचा दाब (व्होल्टेज) आणि प्रवाह यांना अधिक वजन द्यावे लागते. बहुतेक चुका हे वजन उलटे पडल्याने होतात.

नावे आणि खुणा : एकाच व्हॉल्व्हला दोन-तीन नावे असणे हा या विषयातील पहिला गोंधळ आहे. अमेरिकी पद्धतीत नावातील पहिला अंक हीटरचा (इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड तापवणाऱ्या तारेचा) दाब स्थूलमानाने सांगतो, तर यूरोपीय पद्धतीत हेच काम पहिले अक्षर करते आणि ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट. आर.सी.ए. या कंपनीने सु. १९४७ मध्ये बाजारात आणलेला १२एएक्स७ आणि यूरोपातील ईसीसी८३ हे एकच व्हॉल्व्ह होत. एका नावात १२ आणि दुसऱ्यात ६.३ व्होल्ट सूचित व्हावेत याचे कारण हीटरच्या मध्यातून काढलेल्या टोकात आहे. हीटरचे दोन्ही अर्ध एकसरीत जोडले तर १२.६ व्होल्टला १५० मिलिअँपिअर, आणि समांतर जोडले तर ६.३ व्होल्टला ३०० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. दोन्ही नावे खरी आहेत, प्रत्येक नाव दोनपैकी एकच जोडणी सांगते. ब्रिटिश लष्करी यादीतील सीव्ही४००४ हाही याच कुळातला. ७०२५ हा मुळात कमी खरखरीचा म्हणून वेगळा केलेला प्रकार होता. हल्ली एकाच डब्यावर ‘१२एएक्स७/७०२५’ असे जोडनाव छापलेले असते, तेव्हा आतील व्हॉल्व्ह खास तपासून निवडला आहे असे त्यावरून धरून चालू नये.

कारखान्यांच्या नावांबाबत अधिक सावधगिरी हवी. जुने मुलार्ड व्हॉल्व्ह इंग्लंडमधील ब्लॅकबर्न येथे होत असत व टुंग-सोल हे अमेरिकी नाव होते. आज मुलार्ड, टुंग-सोल, सोव्हटेक आणि इलेक्ट्रो-हार्मोनिक्स या चारही नावांचे व्हॉल्व्ह रशियातील सारातॉव्ह येथील एकाच कारखान्यातून येतात. त्यांची अंतर्गत रचना सरसकट एकसारखी नसते, परंतु जुन्या नावाबरोबर जुने धातुकाम व जुनी तपासणीही आली, असा समज करून घेण्यास आधार नाही. यूरोपात स्लोव्हाकियातील जे.जे. हा कारखाना चालू आहे आणि चीनमध्येही उत्पादन होते.

बीम टेट्रोडचा उगम : आउटपुटच्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या टप्प्याच्या, जागी ६एल६ऐवजी केटी६६ किंवा ५८८१ चालतो का, या प्रश्नाचे मूळ १९३० नंतरच्या पेटंटांत आहे. फिलिप्सचे बर्नार्ड टेलेगेन यांनी १९२६ मध्ये पेन्टोड (पाच अग्रांचा व्हॉल्व्ह) सिद्ध केला. त्यात इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या प्लेटवरून उसळणारे दुय्यम इलेक्ट्रॉन परतवण्यासाठी तिसरी ग्रिड (तारेची जाळी) घातलेली असते. हे पेटंट टाळून तोच परिणाम साधण्यासाठी बीम टेट्रोड (इलेक्ट्रॉनांचे झोत वापरणारा चार अग्रांचा व्हॉल्व्ह) जन्मला, असे सामान्यतः लिहिले जाते. त्याचे जनकत्व मात्र एकमुखाने दिले जात नाही. अमेरिकी ग्रंथांत ते आर.सी.ए. आणि तेथील ऑटो शाडे यांच्याकडे जाते, कारण १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेला ६एल६ हा या जातीचा बाजारात सर्वत्र पोहोचलेला पहिला व्हॉल्व्ह होय. इंग्लंडमधील लेखक ई.एम.आय. या ब्रिटिश कंपनीतील आयझॅक शोएनबर्ग, कॅबट बुल आणि सिडनी रॉडा यांच्या १९३३-३४ मधील पेटंटांकडे बोट दाखवतात. त्यांत इलेक्ट्रॉनांचे दाट झोत बनवून स्क्रीन ग्रिड (दुसरी ग्रिड) आणि प्लेट यांच्यामधील जागेतच ऋण भाराचा पडदा उभा करण्याची कल्पना स्पष्टपणे मांडली आहे. तिसरे मत जे. ओवेन हॅरीस यांच्या बाजूचे आहे. प्लेट एका ठरावीक अंतरावर ठेवली तर वेगळी ग्रिड न घालताही दुय्यम इलेक्ट्रॉन आवरतात, हे त्यांनी दाखवले. कल्पनेचे श्रेय ई.एम.आय.च्या मंडळींना आणि दोन ग्रिडांचे वेढे अचूक एका रेषेत आणून मोठ्या प्रमाणावर उत्पादन करण्याचे श्रेय आर.सी.ए.ला, ही वाटणी पुराव्याशी अधिक जुळते. मार्कोनी-ऑस्राम कंपनीचा १९३७ चा केटी६६ याच परंपरेतला असून ‘केटी’ (किंकलेस टेट्रोड) या अक्षरांत प्रवाहाच्या वक्रात खोच नसलेला टेट्रोड असा अर्थ आहे. ६एल६ व केटी६६ यांच्यात जवळचे नाते असल्याचे तंत्रज्ञ सांगतात ते यामुळे. ईएल३४ मात्र खरा पेन्टोड असल्याने त्या नात्याबाहेर राहतो.

आउटपुटच्या जागा : ६एल६, ६व्ही६, ईएल३४, केटी६६ आणि केटी८८ हे सारे एकाच आठ पिनांच्या सॉकेटमध्ये बसतात, घोटाळ्याचे मूळ नेमके तेथेच आहे. ईएल३४ मध्ये तिसरी ग्रिड पहिल्या पिनवर काढलेली असते व ती आठव्या पिनवरील कॅथोडला जोडावी लागते. ६एल६साठी बांधलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये पहिली पिन मोकळी असते किंवा कोणी तिच्यावर भलताच रोधक (रेझिस्टर) टेकवलेला असतो. शिवाय ६एल६चा हीटर ०.९ अँपिअर घेतो आणि ईएल३४चा १.५, म्हणजे जोडीमागे १.८ ऐवजी ३ अँपिअर, आणि तो भार ट्रान्सफॉर्मरवर येतो. प्लेटवर जिरवता येणारी कमाल शक्ती ६एल६जीसीसाठी ३० वॅट, ईएल३४साठी २५, ५८८१साठी २३, ६व्ही६जीटीसाठी सु. १४ आणि ईएल८४साठी १२ वॅट धरली जाते. फेंडरच्या डीलक्स रिव्हर्बमध्ये ६व्ही६च्या प्लेटवर ४०० व्होल्टपेक्षा अधिक दाब असतो, आणि तो मूळ तक्त्यातील मर्यादेच्या वर जातो. त्यामुळे या जागी कोणता ६व्ही६ टिकेल हे उत्पादकाने दिलेल्या कमाल दाबावरून ठरवावे, आवाजाच्या वर्णनांवरून ठरवू नये.

नवा व्हॉल्व्ह बसवल्यावर बायस, म्हणजे निष्क्रिय अवस्थेतील प्रवाह ठरवणारा ग्रिडवरील ऋण दाब, लावणे आवश्यक असते. स्थिर बायसच्या (हा दाब वेगळ्या पुरवठ्यातून देणाऱ्या) ॲम्प्लिफायरमध्ये कमाल शक्तीच्या सु. ७० टक्के ही निष्क्रिय अवस्थेतील वरची हद्द मानण्याचा प्रघात आहे. प्लेटवर ४४० व्होल्ट असतील तर ६एल६जीसीला २१ वॅट, म्हणजे प्रत्येकी सु. ४८ मिलिअँपिअर, आणि ईएल३४ला १७.५ वॅट, म्हणजे सु. ४० मिलिअँपिअर. कॅथोड व जमीन यांच्यामध्ये एक ओहमचा रोधक घातला की त्यावरील मिलिव्होल्ट तेच मिलिअँपिअर म्हणून वाचता येतात. त्या आकड्यात स्क्रीन ग्रिडचा थोडा प्रवाह मिसळलेला असतो हे ध्यानात ठेवावे. व्हॉक्सच्या एसी३०सारख्या कॅथोड-बायसच्या (कॅथोडवरील रोधकातून बायस मिळणाऱ्या) रचनेत प्रवाह बराचसा आपोआप सावरतो, पण म्हणून तपासणी सोडू नये. पुश-पुल मंडलात (जेथे दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने काम करतात) दोन्ही व्हॉल्व्ह सारख्या प्रवाहाचे नसतील तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात एकदिश चुंबकन राहते आणि हम् (विजेची गुणगुण) वाढतो. थोडी विषमता काही वादकांना आवडते, तरी खरेदी जुळवलेल्या जोडीचीच करावी. हे काम माहितगारानेच करावे, कारण ॲम्प्लिफायर बंद केल्यानंतरही आतल्या धारित्रांत (कपॅसिटरांत) ४०० व्होल्टच्या घरातील भार शिल्लक राहू शकतो.

बदलण्यापूर्वी दोष व्हॉल्व्हचाच आहे याची खात्री करणे हे निवडीइतकेच महत्त्वाचे आहे. इंदूरच्या रामबागेत गणेशोत्सवाच्या तालमी चालू असताना एका वाद्यवृंदाच्या ॲम्प्लिफायरची पाठ प्रस्तुत लेखकासमोर उघडली गेली. दोन्ही आउटपुट व्हॉल्व्हवर ५८८१ असाच छाप होता, पण एकाचा काचेचा फुगा रुंद व दुसऱ्याचा सडसडीत; खोलीतला दिवा मालवल्यावर सडसडीत व्हॉल्व्हची प्लेट शिवणीपाशी मंद लाल दिसू लागली. व्हॉल्व्ह जळाला म्हणून नवा मागवण्याचे ठरत होते. वीज बंद करून, थंड होऊ देऊन दोघांच्या जागा बदलल्या, तेव्हा लाली त्याच सॉकेटमध्ये राहिली व रुंद फुगा तापू लागला. दोष गळक्या कपलिंग (आधीच्या टप्प्याकडून संकेत आणणाऱ्या) धारित्रात होता आणि तो तसाच ठेवला असता तर नव्या जोडीतील एक व्हॉल्व्ह पहिल्याच तालमीत गेला असता.

प्रीॲम्पच्या जागा : येथे, म्हणजे गिटारचा क्षीण संकेत प्रथम वाढवणाऱ्या टप्प्यात, व्हॉल्व्ह संकेत किती पट वाढवू शकतो तो गुणांक पाहतात. १२एएक्स७चा प्रवर्धन गुणांक १००, ५७५१चा ७०, १२एटी७चा ६०, १२एवाय७चा चाळीसच्या पुढे आणि १२एयू७चा १७ ते २० असतो. फेंडरच्या ५एफ६-ए बासमनमध्ये पहिल्या जागी १२एवाय७ होता. त्यावर बेतलेल्या मार्शलच्या जेटीएम४५ मध्ये ईसीसी८३ आला आणि त्याच रचनेतून आवाज अधिक लवकर फुटू लागला. १२एटी७ सहजपणे अधिक प्रवाह ओढतो, त्यामुळे १२एएक्स७साठी मोजून बसवलेल्या रोधकांवर तो आपल्या पूर्ण गुणाने चालत नाही. पहिल्या जागेवरील व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक (धक्क्याचा आवाज पकडणारा) आहे का, हे आवाज चढवून त्यावर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारून पाहतात. टिचकी स्पीकरमधून घुमत परत आली तर तो व्हॉल्व्ह मागच्या जागी हलवता येतो, टाकून द्यावा लागत नाही.

रेक्टिफायर (प्रत्यावर्ती विजेचे एकदिश विजेत रूपांतर करणारा व्हॉल्व्ह) : जीझेड३४ऐवजी ५यू४ घातल्यास हीटरचा प्रवाह १.९ वरून ३ अँपिअरवर जातो. ५वाय३च्या जागी जीझेड३४ घातल्यास पुढील सर्व दाब वाढतात.

जुना साठा आणि इंदूर : आकाशवाणीचे इंदूर केंद्र २२ मे १९५५ रोजी सुरू झाले, तेव्हा घरोघरचे रेडिओ व्हॉल्व्हचेच होते. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह देशातच बनवण्यास आरंभ केला. जुन्या दुरुस्तीवाल्यांच्या खणांत कापसात गुंडाळलेला त्यांचा ईसीसी८३ अजून हाती लागू शकतो, आणि तो गिटारसाठी जपून ठेवण्याच्या योग्यतेचा आहे. असा व्हॉल्व्ह घेताना काचेच्या माथ्यावरील, आत उरलेली हवा शोषणारा बेरियमचा लेप उजेडात धरून पाहावा. तो चंदेरी आरशासारखा असावा. कडा तपकिरी व विरळ झाल्या असतील तर वापर बराच झालेला असतो, आणि लेप दुधासारखा पांढरा पडला असेल तर आत हवा शिरलेली असते. काचेवरील अक्षरे मात्र अंगठ्यानेही पुसली जातात, म्हणून ती धुऊन पाहण्याचा मोह टाळावा.

आपल्याकडील विजेचा अधिकृत दाब २३० व्होल्ट आहे. तो २५० झाला तर ६.३ व्होल्टचा हीटर ६.८५ वर, म्हणजे दहा टक्क्यांच्या हद्दीजवळ जातो आणि ४४० व्होल्टची प्लेट सु. ४७८ वर जाते. ३० वॅटच्या व्हॉल्व्हला मग ४८ ऐवजी ४४ मिलिअँपिअरच पुरे होतात. स्थिर बायसचा ऋण दाबही त्याच ट्रान्सफॉर्मरमधून येत असल्याने वाढ काही अंशी भरून निघते, पण पूर्ण नाही. म्हणून बायस लावण्याआधी भिंतीवरील प्लगचा दाब मोजून कागदावर टिपावा, आणि कार्यक्रम ज्या वेळी होणार त्याच वेळी तो पुन्हा एकदा मोजावा. केवळ ६० हर्ट्झसाठी बांधलेला अमेरिकी ट्रान्सफॉर्मर स्टेप-डाउन (दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लावूनही ५० हर्ट्झवर अधिक तापतो, कारण त्याच दाबाला गाभ्यातील चुंबकी स्रोत (फ्लक्स) एक पंचमांशाने वाढतो. अशा ॲम्प्लिफायरला जास्त हीटर प्रवाहाचे बदली व्हॉल्व्ह देऊ नयेत.