तुटलेला अक्षतंतू पुन्हा का वाढत नाही? जनुकांपर्यंत पोचलेल्या शोधाची पार्श्वभूमी

हाताच्या किंवा पायाच्या चेतेला (नसेला) इजा झाली, तर तिच्यातील अक्षतंतू, म्हणजे चेतापेशीतून निघून संदेश वाहून नेणारे लांब तंतू, दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढू शकतात. पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मेरुरज्जूतील किंवा डोळ्याला मेंदूशी जोडणाऱ्या नेत्रचेतेतील अक्षतंतू मात्र तुटल्यावर जवळजवळ वाढतच नाहीत. हा दोष पेशीचा की तिच्या भोवतालचा, हा प्रश्न शंभर वर्षांहून अधिक काळ शास्त्रज्ञांपुढे आहे.

तुटलेल्या अक्षतंतूचा पेशीपासून अलग झालेला भाग नष्ट होतो, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या चेतांवर दाखवले. पुढे स्पेनमधील चेताशास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी १९१३-१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या द्विखंडी ग्रंथात, प्रौढ मेंदूतील व मेरुरज्जूतील मार्ग कायमचे ठरलेले असतात आणि तेथे काहीही पुन्हा निर्माण होत नाही, असा कठोर निष्कर्ष मांडला. हा निष्कर्ष वारंवार उद्धृत होतो. पण शक्य असल्यास तो बदलण्याचे काम त्यांनी त्याच ठिकाणी भावी विज्ञानावर सोपवले होते, हेही आवर्जून सांगायला हवे. शिवाय तुटलेल्या टोकांना अंकुर फुटतात आणि मग ते खुंटतात, हे त्यांनी स्वतःच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते.

१९८१ मध्ये मॉन्ट्रियल येथे सॅम्युएल डेव्हिड आणि अल्बर्ट अग्वायो यांनी प्रौढ उंदरांच्या मेंदूचा तळ आणि मेरुरज्जू यांमध्ये पायाच्या चेतेचा तुकडा पुलासारखा जोडला. त्या पुलातून केंद्रीय (मेंदू व मेरुरज्जूतील) चेतापेशींचे अक्षतंतू सुमारे ३० मिलिमीटर वाढले आणि पलीकडे मेरुरज्जूत शिरताच थोड्याच अंतरावर थांबले. साहजिकच संशय भोवतालावर गेला. स्वित्झर्लंडमधील चेताशास्त्रज्ञ मार्टिन श्वाब यांनी अक्षतंतूंभोवतीच्या मायलिन या स्निग्ध आवरणातील वाढरोधक प्रथिनांचा माग काढला आणि २००० मध्ये ‘नोगो’ या प्रथिनाचे जनुक हाती आले. परंतु २००३ मध्ये तीन प्रयोगशाळांनी हे जनुक निकामी केलेले उंदीर तपासले, तेव्हा एकीला भरपूर, दुसरीला बेताची, तर तिसरीला काहीच वाढ आढळली नाही. केवळ अडथळा दूर करणे पुरेसे नाही, ही शंका त्यातून बळावली.

या शंकेला आधार देणारा पुरावा, माझ्या मते या इतिहासातील सर्वांत बोलका पुरावा, आधीच उपलब्ध होता. पाठीच्या कण्यालगतच्या संवेदी चेतापेशीच्या अक्षतंतूला दोन शाखा असतात. एक अवयवाकडे जाते, दुसरी मेरुरज्जूत. अवयवाकडील शाखा आधी कापली, तर नंतर कापलेली मेरुरज्जूतील शाखाही वाढू लागते. मेरुरज्जूतील भोवताल तोच असतो. बदललेली असते ती पेशी, कारण पहिल्या इजेचा संदेश केंद्रकापर्यंत पोचून एटीएफ-३, सी-जून, जीएपी-४३ यांसारखी वाढीशी निगडित जनुके सक्रिय होतात.

मग पेशीतील वाढीचा लगाम कोणता, हे शोधणे क्रमप्राप्त झाले. २००८ मध्ये बॉस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलमधील गटाने पेशींची वाढ रोखणारी अनेक जनुके उंदराच्या दृष्टिपटलात, म्हणजे ज्यातील चेतापेशींचे अक्षतंतू मिळून नेत्रचेता बनते त्या डोळ्यातील पडद्यात, एकेक करून निकामी केली. त्यांपैकी ‘पीटेन’ काढल्यावर नेत्रचेतेत अक्षतंतूंची लक्षणीय वाढ झाली, कारण प्रथिननिर्मितीला चालना देणारा ‘एमटॉर’ मार्ग मोकळा झाला. २००९ मध्ये ‘केएलएफ-४’ आणि ‘सॉक्स-३’ हे आणखी दोन लगाम सापडले. त्याच वर्षी सूत्रकृमी या सूक्ष्म कृमीतील अक्षतंतूंच्या वाढीस ‘डीएलके-१’ हे जनुक आवश्यक असल्याचेही दिसले. २०११ मध्ये ‘पीटेन’ आणि ‘सॉक्स-३’ एकत्र काढल्यावर वाढ दीर्घकाळ टिकली.

‘पीटेन’ हे कर्करोगाला आवर घालणारे जनुक असल्यामुळे रुग्णात ते सरसकट बंद करणे धोक्याचे आहे. त्यातच २०१५ मध्ये असे दिसले, की ते काढल्याचा लाभ मुख्यतः दृष्टिपटलातील ‘अल्फा’ गटाच्या पेशींनाच होतो. २०१९ मध्ये एकेका पेशीतील जनुकांची सक्रियता मोजून उंदराच्या दृष्टिपटलातील, नेत्रचेतेत अक्षतंतू पाठवणाऱ्या चेतापेशींचे ४६ प्रकार वेगळे करण्यात आले, आणि इजेनंतर कोणता प्रकार तगतो व कोणता मरतो, हा शोध आता प्रकारागणिक स्वतंत्रपणे घेतला जात आहे.