लाल आणि हिरव्याच्या मधली काळी रेघ

मागच्या श्रावणात आमच्या फोटो एडिटिंगच्या ग्रुपवर कळव्याच्या एका मुलीने एक चित्र टाकलं. पावसाने हिरवागार झालेला येऊरचा डोंगर, आणि त्याच्या उतारावर झाडाएवढं उगवलेलं तिच्या बाल्कनीतलं जास्वंदीचं फूल. कल्पना सुरेख होती. फक्त फुलाच्या कडेने सगळीकडे एक मळकट, काळपट रेघ दिसत होती. खाली तिने लिहिलं होतं, "काका, पेन टूलने दोन तास बसून कापलंय. तरी ही रेघ जात नाही."

ग्रुपमध्ये ठाणे, ऐरोली, वाशी, पनवेलची माणसं आहेत. कुणी बँकेतून निवृत्त झालेले, कुणी इंजिनिअरिंगला शिकणारे, दोघं-तिघं लग्नाचे अल्बम करणारे. सल्ले भराभर आले. जुनं बॅकग्राउंड चिकटून आलंय, दोन पिक्सेल आत काप. फेदर वाढव, म्हणजे कड मऊ होऊन मिसळेल. तिने दोन्ही करून पाहिलं. आत कापलं तरी रेघ तशीच, आणि फेदर २चा ६ केला तर रेघ चक्क जाड झाली.

या जाड झालेल्या रेघेनेच मला जागं केलं. जुन्या बॅकग्राउंडचा अंश असता तर आत कापल्यावर गेला असता. कड जितकी मऊ करावी तितका काळोख पसरतोय, म्हणजे तो फुलात नाही आणि डोंगरातही नाही. तो दोघांच्या मिसळण्यात तयार होतोय. तिने नुसतं तयार चित्र न टाकता लेयरसकट (फूल आणि डोंगर हे एकमेकांवरचे वेगवेगळे थर ठेवून) मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली होती, म्हणून हे तपासता आलं. शिकायचं आणि शिकवायचं असेल तर फाइल अशीच द्यावी, असं माझं ठाम मत आहे. तयार चित्राला लाइक मिळतात, पण दुसऱ्याच्या हाती काही लागत नाही.

फेदर म्हणजे कडेच्या पिक्सेलमध्ये थोडं फूल आणि थोडा डोंगर. किती टक्के फूल हे सांगणारा आकडा म्हणजे अल्फा. ही कल्पना कॉम्प्युटर ग्राफिक्समधल्या एड कॅटमल आणि अ‍ॅल्वी रे स्मिथ यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस मांडली आणि पोर्टर व डफ यांनी १९८४ साली तिचं गणित नीट बांधून दिलं. गणित तसं शाळेतलंच, सरासरीचं. अर्धं फूल, अर्धा डोंगर, तर दोन्ही आकडे मिळवून दोनाने भागा.

फोटोतला प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा यांच्या ० ते २५५ अशा तीन आकड्यांनी लिहितात. आता शुद्ध लाल घ्या: २५५, ०, ०. शुद्ध हिरवा: ०, २५५, ०. सरासरी १२८, १२८, ०. हा रंग स्क्रीनवर काढून बघा. शेवाळलेल्या भिंतीसारखा मळकट दिसतो. पण गडकरी रंगायतनच्या रंगमंचावर लाल दिवा आणि हिरवा दिवा एकाच जागी पाडला, तर तिथे लख्ख पिवळा उजेड पडतो. दोन्ही दिवे निम्मे मंद केले तरी तो पिवळाच राहतो, शेवाळी होत नाही. मग चुकतं कोण? सरासरी चुकत नाही. आपण ज्या आकड्यांची सरासरी काढली ते आकडे प्रकाशाचे नाहीत, चूक तिथे आहे.

फोटोतलं १२८ म्हणजे २५५च्या निम्मा प्रकाश, असं बहुतेकांना वाटतं. मलाही कित्येक वर्षं वाटत होतं. प्रत्यक्षात १२८ म्हणजे जेमतेम २२ टक्के प्रकाश. निम्मा प्रकाश हवा असेल तर आकडा १८८ लागतो.

यावर विश्वास ठेवू नका, घरी करून बघा. एक पिक्सेल काळा, एक पांढरा, अशी बुद्धिबळाच्या पटासारखी बारीक जाळी काढा. निम्मे पिक्सेल पूर्ण उजळ, निम्मे पूर्ण बंद, म्हणजे एकूण प्रकाश बरोबर निम्मा. तिच्या एका बाजूला १२८चा करडा चौकोन, दुसऱ्या बाजूला १८८चा. झूम १०० टक्क्यांवर ठेवा आणि उठून चार-पाच पावलं मागे जा. जाळी विरघळून सपाट करडी दिसू लागते आणि १८८च्या चौकोनात मिसळून जाते. १२८चा चौकोन शेजारी काळा ठिक्कर. हा प्रयोग मी ग्रुपवर टाकला त्या रात्री साडेअकरापर्यंत लोक स्क्रीनपासून मागे सरकून फोटो पाठवत होते.

असं का केलं असेल? कारण आपला डोळा. वीज गेलेल्या घरात एक निरांजन लावलं की खोली उजळते. भर दुपारी गच्चीत तेच निरांजन लावलं तर कळतही नाही. डोळा प्रकाशातला फरक मोजत नाही, पट मोजतो. साधारण एक टक्का फरक झाला की त्याला पायरी जाणवते. कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र सरळमार्गी असतो, दुप्पट प्रकाशाला दुप्पट इलेक्ट्रॉन. तसेच आकडे ०पासून २५५पर्यंत साठवले तर काळोखात १वरून २वर जाताना प्रकाश एकदम दुप्पट होईल आणि सावल्यांत जिन्यासारखे पट्टे दिसतील. उलट २००वरून २०१ ही पायरी अर्ध्या टक्क्याची, डोळ्याला न दिसणारी, म्हणजे वाया गेलेली. म्हणून आकडे मुद्दाम वाकवतात, जास्त पायऱ्या अंधाराला देतात. या वाकवण्याला गॅमा म्हणतात. आकडा २५५ने भागा, आलेल्या अपूर्णांकाचा अंदाजे २.२वा घात घ्या, की खरा प्रकाश मिळतो. नेमकं सूत्र एसआरजीबी या स्क्रीनवरच्या रंगांच्या प्रमाणातलं आहे: काळ्याजवळ छोटी सरळ रेषा, पुढे २.४चा घात आणि मध्ये थोडी सरकवासरकव. म्हणून साध्या २.२ने निम्म्या प्रकाशाला १८६ येतो, तर नेमक्या सूत्राने १८८. एचपी आणि मायक्रोसॉफ्टने हे प्रमाण १९९६ साली सुचवलं, १९९९ साली ते आंतरराष्ट्रीय झालं. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत व्होल्टेज आणि उजेड यांचं नातंही जवळपास असंच वाकडं होतं. डोळ्याची गरज आणि नळीचा स्वभाव इतके जुळावेत, हा योगायोग मला आजही थक्क करतो.

तर उपाय: मिसळण्याआधी आकडे सरळ करायचे, सरासरी काढायची, मग पुन्हा वाकवायचे. हाताने काहीच करावं लागत नाही. फोटोशॉपच्या कलर सेटिंग्जमध्ये गॅमा वापरून आरजीबी ब्लेंड करण्याचा पर्याय आहे, तिथे १.०० ठेवा. गिम्प या फुकट प्रोग्रॅममध्ये २०१८ सालच्या २.१० आवृत्तीपासून साधे लेयर मुळातच असे मिसळतात. मुलीने सेटिंग बदललं आणि फुलाभोवतीची काळी रेघ उन्हासारखी पिवळसर झाली.

ब्लर, म्हणजे फोटो धूसर करणं, हीही शेजारच्या पिक्सेलची सरासरीच असते, त्यामुळे तिथेही हाच घोळ. वाशीच्या खाडीपुलावरचे दिवे रात्री कॅमेऱ्याने आउट ऑफ फोकस टिपले तर झगझगीत गोल चकत्या मिळतात. तोच फोटो शार्प काढून नंतर ब्लर केला तर मळकट डाग मिळतात. इथे गॅमा सरळ करूनही पुरत नाही, कारण दिवा खरा शेजारच्या पांढऱ्या पाटीपेक्षा पन्नास पट उजळ असला तरी फाइलमध्ये दोघांनाही २५५च मिळतात. उरलेला उजेड कापला गेला. रॉ, म्हणजे सेन्सरचे कच्चे आकडे जसेच्या तसे ठेवणाऱ्या, १२ किंवा १४ बिटच्या फाइलमधून कमी एक्स्पोजर घेऊन दिवे आधी वाचवावे लागतात.

हे शिकलेल्या माणसाला भुताचे फोटो घाबरवत नाहीत. घोडबंदर रोडवर मध्यरात्री दिसलेली पांढऱ्या साडीतली बाई आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरली, तेव्हा लहान मुलं दोन दिवस खाली खेळायला जाईनात. आम्ही तो फोटो उजळ केला. रस्त्याच्या काळोखात दाणे होते, कारण अंधारात फोटॉनच, म्हणजे प्रकाशाचे कणच, कमी: सरासरी १०० आले तर वरखाली १०चा फरक पडतोच, १०,००० आले तर १००चा, म्हणजे एकच टक्का. पण बाईच्या तितक्याच काळ्या केसांत एक दाणा नव्हता. केस दुसऱ्या, भरपूर उजेडातल्या फोटोतून आले होते. आपल्या आनंदासाठी डोंगरावर जास्वंद फुलवणं वेगळं आणि लोकांना भिववण्यासाठी बाई चिकटवणं वेगळं. दुसऱ्याला मी खोडसाळपणाच म्हणेन.

एक इशारा अल्बमवाल्यांनी दिला, तो खरा आहे. सेटिंग १.००वर ठेवलं की पांढऱ्यावरची काळी अक्षरं बारीक आणि काळ्यावरची पांढरी अक्षरं जाड दिसू लागतात, कारण अक्षरांच्या मऊ कडाही त्याच गणितात सापडतात आणि फॉन्ट बनवणाऱ्यांनी ते जुन्या, वाकड्या मिसळणीसाठी बेतलेले असतात. त्यामुळे त्या मुलीने गणपतीचं पोस्टर केलं तेव्हा जास्वंद सरळ गॅमात मिसळली, सगळे लेयर एकत्र करून चित्र सपाट केलं, सेटिंग पूर्ववत केलं आणि मगच त्यावर मंडळाचं नाव लिहिलं.