जुन्या घरगुती कॉम्प्युटरची विल्हेवाट

जुना कॉम्प्युटर घराबाहेर काढताना त्यातली आपली माहिती परत निघणार नाही अशी पुसायची, मशीन चालत असेल तर ते दुसऱ्या कुणाच्या कामी लावायचं आणि चालत नसेल तर ई-कचऱ्याचं काम रीतसर करणाऱ्याकडे सोपवायचं, या सगळ्याला मिळून जबाबदारीने विल्हेवाट लावणं म्हणतात. यात डेस्कटॉपचा डबा आला, ज्याला सगळे सीपीयू म्हणतात, तसंच मॉनिटर, लॅपटॉप, कीबोर्ड, माउस, स्पीकर, यूपीएस, राउटर आणि ड्रॉवरमधे गुंता होऊन पडलेल्या वायरी पण आल्या. २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे, बाकीचा कुठे जळाला, कुठे पुरला गेला, कुठे घराघरात कपाटावर पडून राहिला.

कपाटावर पडून राहणं हे दिसायला निरुपद्रवी आहे पण खरं नुकसान तिथेच सुरू होतं. आज चार वर्षं जुना असलेला लॅपटॉप कुणीतरी आनंदाने वापरेल, तोच अजून पाच वर्षं ठेवला तर बॅटरी फुगते, त्यावर नवीन सॉफ्टवेअर चालेनासं होतं आणि मग तो फक्त कचराच उरतो. लोक ठेवतात का, तर बहुतेक वेळा एकाच भीतीने, आत फोटो आहेत, बँकेचे कागद आहेत, पासवर्ड आहेत, कुणाच्या हातात पडले तर काय. ही भीती अगदी खरी आहे, म्हणून आधी तीच निस्तरायची.

फाइल डिलीट केली, रिसायकल बिन रिकामी केली, अगदी क्विक फॉरमॅट मारला तरी माहिती गेली असं धरता येत नाही. डिलीट केल्यावर कॉम्प्युटर फक्त यादीतून त्या फाइलचं नाव काढतो आणि ती जागा रिकामी आहे अशी खूण करतो, मजकूर जिथल्या तिथे असतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत फुकट मिळणाऱ्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने तो पुष्कळदा परत काढता येतो. क्विक फॉरमॅटचंही तेच, अनुक्रमणिका फाडली पण पुस्तक तसंच. २००३ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या दोन विद्यार्थ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्यांनी वापरलेल्या १५८ हार्डडिस्क विकत घेतल्या, त्यातल्या १२९ चालू निघाल्या आणि नीट पुसलेल्या सापडल्या फक्त १२. बाकीच्यांवर ५००० हून जास्त क्रेडिट कार्ड नंबर, लोकांच्या आजारपणाची माहिती, खाजगी ईमेल असं सगळं होतं. विकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी फॉरमॅट मारला होता हे लक्षात घ्या, म्हणजे त्यांनी त्यांच्या परीने काळजी घेतलीच होती.

पुसण्याची पद्धत आत कुठली डिस्क आहे यावर ठरते आणि इथे चूक करू नका. जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल तर तिच्या सगळ्या जागेवर एकदा शून्य किंवा काहीही आलतूफालतू डेटा लिहायचा, १ टीबीच्या डिस्कला दोन-तीन तास लागतात, रात्री लावून झोपलं तरी चालतं. १९९६ मधे पीटर गुटमन यांनी ३५ वेळा लिहायची पद्धत मांडली होती आणि ती अजून पुष्कळ लोक पाळतात, पण ती तेव्हाच्या वेगवेगळ्या प्रकारच्या डिस्कसाठी होती, आताच्या हार्डडिस्कला एक फेरी पुरते. एसएसडीचं, म्हणजे चकत्यांऐवजी मेमरी चिपवर लिहिणाऱ्या नव्या डिस्कचं, मात्र वेगळं आहे. एसएसडी आपली झीज सगळीकडे सारखी वाटली जावी म्हणून प्रत्येक वेळी नवीन जागी लिहिते आणि काही जागा तर कॉम्प्युटरला दाखवतच नाही, त्यामुळे वरून कितीही वेळा शून्य लिहिली तरी जुन्या कॉपी कुठल्यातरी कोपऱ्यात राहू शकतात. तिच्यासाठी डिस्कच्या आतच असलेली सिक्युअर इरेज किंवा सॅनिटाइज कमांड द्यायची, ती डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या टूलमधे किंवा काही मशीनच्या बायोसमधेच (कॉम्प्युटर सुरू होताना विंडोजच्या आधी चालणाऱ्या सेटिंगमधे) मिळते.

सगळ्यात सोपा मार्ग खरंतर वापरायला लागतानाच सुरू होतो, तो म्हणजे पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात ठेवणं, विंडोजमधे बिटलॉकर आणि मॅकमधे फाइलव्हॉल्ट आहेच. मग शेवटी फक्त किल्ली नष्ट करायची, डिस्कवर जे उरतं ते कुणालाही न वाचता येणारं असतं. विंडोजमधे रीसेट धिस पीसी मधून रिमूव्ह एव्हरीथिंग निवडताना पुढच्या सेटिंगमधे क्लीन डेटा हा पर्याय असतो, तो ऑन करा, बरेच जण तो न बघताच पुढे जातात.

हे सगळं करायच्या आधी बॅकअप. आणि बॅकअप घेतला की तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, चार-पाच फोटो, एखादी जुनी एक्सेल शीट, नुसती कॉपी झाली म्हणून समाधान मानू नका, कारण पुसल्यावर परतीचा रस्ता नाही. ब्राउझरमधे सेव्ह केलेले पासवर्ड, ईमेल प्रोग्रॅममधले कॉन्टॅक्ट आणि टू-स्टेप लॉगिनचं अॅप त्याच मशीनवर असेल तर त्याचे कोड, या तीन गोष्टी हमखास विसरल्या जातात. मग सगळ्या अकाउंटमधून साइन आउट व्हायचं, पैसे देऊन घेतलेल्या सॉफ्टवेअरचं लायसन्स त्या मशीनवरून काढायचं, बायोसला पासवर्ड लावला असेल तर तो काढायचा. मॅक असेल तर फाइंड माय, म्हणजे हरवलेली मशीन शोधायची सोय, बंद करणं फार गरजेचं आहे, नाहीतर नव्या मॅकमधे अॅक्टिव्हेशन लॉक राहतो आणि पुढच्या माणसाला चांगली मशीन सुद्धा वापरताच येत नाही, ती थेट भंगारात जाते. सीडी ड्राइव्हमधली डिस्क आणि स्लॉटमधलं मेमरी कार्ड पण बघा.

डिस्क खराब असेल, सुरूच होत नसेल, तर पुसता येत नाही, ती फोडावी लागते. हार्डडिस्कला आतल्या चकत्यांतून आरपार भोकं पाडायची, पण लॅपटॉपच्या छोट्या डिस्कमधे चकत्या पुष्कळदा काचेच्या असतात, त्याचा चुरा उडतो म्हणून डोळ्याला गॉगल हवाच. घरातलं लोहचुंबक फिरवून काहीही होत नाही आणि एसएसडीवर तर चुंबकाचा उपयोगच नाही, तिच्यातली प्रत्येक मेमरी चिप तुटायला हवी, वरच्या खोक्याला एक भोक पाडून कदाचित एकही चिप तुटणार नाही. जमत नसेल तर डिस्क काढून घ्या आणि समोर श्रेड करून देणाऱ्याकडे द्या, बाकीची मशीन डिस्कशिवाय खुशाल देता येते.

माहितीचं ओझं गेलं की मग विचार करायचा की मशीन अजून जिवंत आहे का. संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठाने २००४ मधे एक हिशोब मांडला होता, एक डेस्कटॉप आणि १७ इंची जुना मॉनिटर बनवायला कमीत कमी २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायनं आणि १५०० किलो पाणी लागतं. हा खर्च मशीन आपल्या घरी यायच्या आधीच होऊन गेलेला असतो, म्हणून तिचं आयुष्य दोन-तीन वर्षांनी वाढवणं हे रिसायकल करण्यापेक्षा कधीही चांगलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ची टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) किंवा नव्या प्रोसेसरची अट पूर्ण होत नाही म्हणून ठणठणीत चालणाऱ्या असंख्य मशीन एकदम जुन्या ठरल्या, त्यातल्या बऱ्याच मशीनवर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स छान चालतं, आणि हार्डडिस्कच्या जागी साधी एसएसडी टाकली, रॅम वाढवली की तोच कॉम्प्युटर पुन्हा पळायला लागतो. दुसऱ्याला देताना चार्जर सोबत द्या, आणि काय बिघडलंय ते कागदावर लिहून चिकटवा. पण बंद पडलेला डबा दान म्हणून शाळेत किंवा संस्थेत नेऊन टाकू नका, त्यांच्याकडे तो दुरुस्त करायला माणूस नसतो आणि कचरा टाकायचं काम तेवढं त्यांच्या गळ्यात पडतं.

मशीन खरोखरच संपली असेल तर ती अख्खी द्यायची, हे मुद्दाम सांगावं लागतं. कॉम्प्युटर नुसता ठेवलेला असताना त्याच्यातून विष बाहेर येत नाही, ते येतं तो फोडताना, जाळताना आणि अॅसिडमधे बुडवताना. जुन्या जाड मॉनिटरच्या काचेत एक-दोन किलो शिसं सहज असतं आणि आत हजारो व्होल्टचा चार्ज बंद केल्यावरही राहू शकतो. पहिल्या पिढीच्या पातळ स्क्रीनमधे मागच्या बारीक ट्यूबलाइटमधे पारा असतो, एलईडी आल्यापासून तो गेला. युरोपात १ जुलै २००६ पासून शिसं, पारा, कॅडमियम यांच्या वापरावर बंधनं आली, त्याआधीच्या मदरबोर्डवरचा टाका मात्र कथील आणि शिशाचा. प्लॅस्टिकमधे आग रोखायला ब्रोमिनची रसायनं असतात आणि वायरींवर पीव्हीसी, हे उघड्यावर जाळलं की डायॉक्सिन नावाचं विष तयार होतं. चीनमधलं ग्वियू आणि घानाची राजधानी अक्रामधलं अॅगबोगब्लोशी इथे वर्षानुवर्षं हेच चालायचं, तांब्यासाठी केबलचे ढीग पेटवायचे, सोन्यासाठी बोर्ड अॅसिडमधे घालायचे, ग्वियूच्या मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण जास्त असल्याचं तपासण्यांमधे दिसलं. भंगारवाल्याला डबा दिला की तो पुढे कुठे जातो ते आपल्याला दिसत नाही, आणि तो बिचारा स्वतःच उघड्या हाताने तो फोडत असतो.

उलट नीट रिसायकल झालं तर त्यातून फार काही निघतं. चांगल्या मदरबोर्डच्या एक टन मालात खाणीतल्या एक टन दगडापेक्षा कितीतरी पट जास्त सोनं असतं. टोकियो ऑलिंपिकसाठी एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ मधे लोकांनी दिलेल्या जुन्या मोबाइल, लॅपटॉप वगैरेंतून ३२ किलो सोनं आणि ३५०० किलो चांदी निघाली आणि जवळपास ५००० पदकं त्याच धातूची बनली. पण भंगारात विकताना आधीच बोर्ड आणि रॅम काढून घेतले तर उरलेला सांगाडा रीतसर रिसायकल करणं कुणालाच परवडत नाही.

अख्खं द्या याला, काढून घेतलेली डिस्क सोडली तर, अपवाद बॅटरीचा. सहज निघत असेल तर लॅपटॉपची लिथियम बॅटरी काढा, टर्मिनलवर टेप चिकटवा आणि वेगळी द्या, कारण कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की तीच पेट घेते. फुगलेली बॅटरी चार्ज करायची नाही, टोचायची नाही, दाबून परत बसवायची नाही, बॅटरी घट्ट चिकटवलेली असेल तर स्क्रूड्रायव्हरने उचकटायला जाऊ नका, लॅपटॉप तसाच न पेटणाऱ्या जागी ठेवून लवकरात लवकर घेऊन जा आणि देताना तोंडाने सांगा की फुगली आहे. यूपीएसमधली बॅटरी शिशाची आणि आम्लाची असते, तिचा रिसायकलिंगचा रस्ताच वेगळा. डेस्कटॉपमधली पॉवर सप्लायची पेटी उघडायची नाही, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमधे चार्ज असतो.

कुणाकडे द्यायचं, तर पहिला फोन ज्या कंपनीची मशीन आहे तिलाच. बऱ्याच देशांत आता जो बनवतो त्यानेच शेवटी परत घ्यायचं असा कायदा आहे, जपानमधे ऑक्टोबर २००३ पासून घरगुती कॉम्प्युटर कंपन्या परत घेतात, युरोपात नवीन वस्तू घेताना दुकानदाराला त्याच प्रकारची जुनी वस्तू फुकट घ्यावी लागते. नाहीतर नगरपालिकेचं ई-कचरा केंद्र किंवा सरकारी नोंदणी असलेला रिसायकलर, काहींकडे आर२ किंवा ई-स्टुअर्ड्स अशी प्रमाणपत्रं असतात. माल बाहेरच्या देशात पाठवता का, पाठवत असाल तर कुणाकडे, हे सरळ विचारा. घातक कचरा एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याबद्दलच्या बासेल या आंतरराष्ट्रीय कराराच्या नव्या दुरुस्तीप्रमाणे १ जानेवारी २०२५ पासून कुठलाही ई-कचरा, विषारी असो नसो, घेणाऱ्या देशाची आधी लेखी संमती असल्याशिवाय पाठवता येत नाही, तेव्हा खरं काम करणाऱ्याकडे याचं उत्तर तयार असतं. देऊन झालं की पावती घ्या, तिच्यावर मशीनचा सीरियल नंबर आहे ना बघा, डिस्क त्यांनीच पुसायची किंवा फोडायची ठरली असेल तर त्याचा दाखला डिस्कच्या नंबरासकट वेगळा मागून घ्या आणि मशीनच्या बिलासोबत ठेवा.