गाय परत गाभण राहणार का, हे ती व्यायच्या आधीच ठरतं

अमेरिकेत नेब्रास्का राज्यात सँडहिल्स म्हणून गवताळ टेकड्यांचा मोठा पट्टा आहे, तिथे गाई मांसासाठी पाळतात. त्यांची धार कोणी काढत नाही, दूध सगळं वासराला, आणि रँचवाल्याची, म्हणजे मोठ्या कुरणांवर अशा गाई पाळणाऱ्याची, कमाई म्हणजे गाईमागे वर्षाला एक वासरू. आता हिशोब बघा, गाय साधारण २८३ दिवस गाभण असते, ३६५ मधून ते गेले की उरले ८२ दिवस, तेवढ्यात गर्भाशय पूर्ववत होऊन तिने माजावर यायचं आणि गाभणही राहायचं.

पण नेमकं व्याल्यानंतर दोनेक महिन्यांनी दूध सगळ्यात जास्त असतं. पोटात गेलेलं आधी तिच्या स्वतःच्या शरीराला, मग दुधाला, पुढच्या गर्भाचा नंबर सगळ्यात शेवटी. गाय हडकलेली असेल तर माजच लांबतो, आणि तेव्हा खुराक वाढवला तरी बराचसा दुधातच जातो. म्हणून मला वाटतं खरी वेळ व्यायच्या आधीची आहे.

तिथे गाईच्या अंगावरच्या मांसाला १ ते ९ मार्क देतात. विताना ५ हवेत, म्हणजे बरगड्या दिसत नाहीत पण हात दाबला की लागतात. एक मार्क वाढवायचा तर ३५-४५ किलो वजन वाढवावं लागतं, ते काय आठवड्यात होत नाही! सगळ्यात स्वस्तात हे होतं वासरू तोडल्यावर, म्हणजे त्याला आईच्या दुधावरून काढल्यावर, कारण दूध बंद, पोटातला गर्भ अजून लहान. शेवटच्या तीन महिन्यांत मात्र गर्भाचं जवळजवळ दोन तृतीयांश वजन वाढतं आणि तेव्हा तिथे कडाक्याचा हिवाळा. गवत असतं भरपूर पण वाळलेलं, त्यात प्रोटीन ५-६ टक्के, आणि ७ च्या खाली गेलं की कोठीपोटातल्या, म्हणजे पोटाच्या मोठ्या कप्प्यातल्या, गवत पचवणाऱ्या जिवाणूंनाच पुरत नाही, मग गवत नीट पचत नाही आणि गाय खातेही कमी. अशा वेळी मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरलेला चोथा थोडासा दिला तरी फरक पडतो, त्यात प्रोटीन ३० टक्क्यांच्या आसपास असतं.

पहिलटकरणींची मला जास्त काळजी वाटते, त्यांची स्वतःची वाढ चालू, त्यात दुधाचे दात पडत असतात, म्हणून त्यांना ६ मार्क लागतात. त्यांना वेगळंच ठेवायला हवं, नाहीतर मोठ्या गाई गव्हाणीवरून ढकलून देतात.

काही रँचवाल्यांनी तर विण्याचा हंगामच मार्चवरून मे-जूनला नेलाय, म्हणजे दूध वाढतं तेव्हा समोर हिरवं गवत असतं.